मायचं बीपी, दंडावरचं मशीन आणि कमी मिठाचं ताट: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माय सत्तरीची, आम्ही लातूरकडचे. किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. डॉक्टरांनी वरचा आकडा १३० च्या खाली ठेवायला सांगितलाय, म्हणून घरी मशीन आणलं.

दंडाला पट्टा बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. दुकानात पट्टा बांधून बघा: लहान पडला तर आकडा जास्त दाखवतो, मोठा पडला तर कमी. सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. आधी अर्धा तास चहा आणि मिसरी बंद. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहायचं. दवाखान्यात मायचं बीपी कायम चढलेलं दिसायचं. वहीतले घरचे कमी आकडे बघितल्यावरच डॉक्टरांनी गोळी वाढवायचं थांबवलं. माझ्या मते मशीनचे पैसे तिथंच वसूल झाले.

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. आपल्याकडं भाजीत मीठ कमी केलं तरी ठेचा, लोणचं, खारातल्या मिरच्या ताटात असतातच. पापडात तर मीठ आणि पापडखार, दोन्हींतून सोडियम. येळवसेला (वेळा अमावस्येला) शेतात भज्जी-आंबील पोटभर झाली आणि दुसऱ्या सकाळी आकडा वर गेला, तो मायनं स्वतः बघितला. तेव्हापासून पापडाचा डबा तिनंच वर ठेवलाय. भाकरी बिनमिठाची, भाजीला लसूण, भाजलेलं जिरं, वरून थोडं लिंबू. पहिले काही आठवडे तिला घास जाईना, आता शेजारची आमटी खारट लागते.

बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र किडनीच्या माणसाला विचारल्याशिवाय देऊ नका, कृपा करून. त्यात पोटॅशियम असतं. ते रक्तात वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनानं घेणंही बंद करा. त्यानं बीपी वाढतं आणि किडनीला इजा होते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, लघवीची गोळी चालू असेल तर नक्कीच.

मशीन डॉक्टरांच्या मशीनशी अधूनमधून ताडून बघतो, फारसा फरक येत नाही. किडनीचं मात्र त्यावरून काही कळत नाही. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन ठरल्या वेळी तपासावंच लागतं. मायचं क्रिएटिनिन सध्या स्थिर आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर.