पाच मिनिटं की एक फोटो? 'फॅन' आणि 'ड्रायव्हिंग लायसन्स'

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, एक चित्रपट बघायचा, मग भेळ आणि भांडण. मागच्या खेपेला पाळी माझी होती आणि विषय आधीच ठरला होता: नटापायी वेडा झालेला चाहता. चाळून चाळून दोन नावं उरली. २०१६चा हिंदी 'फॅन' आणि २०१९चा मल्याळम 'ड्रायव्हिंग लायसन्स'. दोन्ही आधी पाहिलेले होते, निवडीसाठी पुन्हा पाहिले. ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय. कथेतलं बरंच फुटणार आहे, पण दोन्ही आता जुने झाले, तेव्हा राग नसावा.

दोन्हींची मागणी किती लहान आहे बघा. 'फॅन'मधल्या गौरवला त्याच्या लाडक्या सुपरस्टारची, आर्यन खन्नाची, पाच मिनिटं हवी आहेत. 'लायसन्स'मधला मोटार वाहन निरीक्षक कुरुविला जोसेफ याला आपल्या मुलासह लाडक्या हिरोसोबत एक फोटो हवा आहे. दोघांनाही ते मिळत नाही. वर पाणउतारा होतो, आणि तिथून भक्तीचं वैरात रूपांतर होतं. इथपर्यंत दोन्ही चित्रपट एकाच गावचे. पुढे रस्ते फुटतात ते असे की एक थेट क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला पोचतो आणि दुसरा आरटीओच्या आवाराबाहेर फारसा जात नाही.

'फॅन'चा पहिला तास मी कितीही वेळा बघेन. दिल्लीची ती वस्ती, गौरवचं सायबर कॅफे, मोहल्ल्यातल्या स्पर्धेत आर्यनची नक्कल करून जिंकलेली ट्रॉफी, आणि पोराच्या वेडाकडे कौतुकानं बघणारे आईबाप. दिग्दर्शक मनीष शर्माला दिल्ली कळते, हे 'बँड बाजा बारात'पासून माहीत होतंच. आर्यन उमेदवारीच्या दिवसांत विनातिकीट राजधानीनं मुंबईला आला होता, म्हणून गौरवही विनातिकीट येतो. आर्यन ज्या हॉटेलात राहिला होता तिथलीच खोली मागतो. वाढदिवसाच्या दिवशी बंगल्यासमोरच्या गर्दीत तो हात उंचावून उभा असतो आणि त्याला मनापासून वाटत असतं, की वरून साहेब आपल्यालाच बघतायत. हे ज्यानं कधी कुणाच्या बंगल्यासमोर ताटकळत काढलंय त्याच्या पोटात कालवतं. मी काढलंय. कुणाच्या, ते सांगत नाही.

आणि शाहरुख. आर्यनही तोच, गौरवही तोच. पन्नाशीतल्या माणसानं पंचविशीतला पोरगा केलाय, तोही स्वतःसारखा दिसणारा स्वतःचाच चाहता. रंगभूषा ग्रेग कॅनमची. 'मिसेस डाउटफायर'साठी ऑस्कर मिळालेला माणूस. पण नाक-दात बदलून जे जमत नाही ते शाहरुखनं नजरेत आणलंय. आर्यनच्या भूतकाळासाठी शाहरुखच्याच जुन्या मुलाखतींचे तुकडे वापरलेत, त्यामुळे आपण नेमकं कुणाकडे बघतोय याचा सुखद गोंधळ होतो. गौरवची मैत्रीण नेहा झालेली श्रिया पिळगावकर थोडाच वेळ आहे, पण त्या घराची, त्या गल्लीची वाटते. हिंदीत आपल्याकडच्या मुलींना एवढं साधं क्वचितच वागू देतात.

गाण्यांची अपेक्षा ठेवू नका. 'जबरा फॅन' हे गाणं फक्त जाहिरातीसाठी होतं, चित्रपटात ते नाहीच. त्याच्या निरनिराळ्या भाषांत आवृत्त्या निघाल्या होत्या, मराठीतली अवधूत गुप्तेनं गायली होती. मराठवाड्यातल्या एका शिक्षिका हे गाणं बघायला कुटुंबाला घेऊन गेल्या, ते दिसलं नाही म्हणून ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगानं १० हजारांची भरपाई आणि ५ हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानंही तो निकाल उचलून धरला. पुढे एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला: झलक म्हणजे करार नव्हे. कायदा तसाच असेल. माझी सहानुभूती मात्र बाईंकडे आहे, कारण मलाही या चित्रपटानं पहिल्या तासात जे दाखवलं ते दुसऱ्या तासात दिलं नाही.

आता माझी अडचण. ती ऐकून आमच्या गटातले दोघं हसले होते, तुम्हीही हसाल. माझी अडचण आहे व्हिसा.

आर्यन गौरवला कोठडीत टाकायला लावतो, मार पडतो. घरी परतल्यावर गौरव आर्यनची जमवलेली सगळी चित्रं जाळतो, कॅफे विकतो. इथपर्यंत ठीक. पुढे बघतो तर हा पोरगा लंडनला, मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांत! तिथून क्रोएशियात, एका अब्जाधीशाच्या घरच्या लग्नात, आर्यन खन्ना बनून. मग दुब्रोवनिकच्या लाल कौलांवरून पळापळ, आणि पळणारा कोण, तर काल-परवापर्यंत तासाच्या हिशेबानं इंटरनेट विकणारा पोरगा.

'फॅन' आला त्याच सुमारास मी बहिणीच्या बाळाच्या बारशासाठी लंडनला जायची खटपट केली होती. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचं आयकर विवरण, ऑफिसचं रजेचं पत्र, मेहुण्याचं निमंत्रण, त्याच्या घराचा भाडेकरार. बोटांचे ठसे. एका महिन्यात खात्यात अचानक साठ हजार कुठून आले, याचा वेगळा खुलासा (एलआयसीची पॉलिसी पिकली होती). व्हिसा मिळाला तोवर बारसं होऊन बाळ उपडं पडायला लागलं होतं. आणि इथे कोठडीची हवा खाऊन आलेला, दुकान विकून बेकार झालेला अविवाहित तरुण आधी इंग्लंडचा शिक्का मिळवतो, मग क्रोएशियात उतरतो. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसात, इंग्लंड कधीच नव्हतं आणि क्रोएशिया आला २०२३ला, म्हणजे तेव्हा दोन देशांचे दोन वेगळे सोपस्कार. खिडकीपलीकडच्या एकाही बाईनं त्याला 'परत येणार याचा पुरावा काय?' असं विचारलं नाही?

थ्रिलरमध्ये एवढं चालतं, असं म्हणाल. चालतं, मान्य. नायक दहाव्या मजल्यावरून उडी मारतो तेव्हा मी हिशेब मागत नाही. पण 'फॅन'नं स्वतःच तासभर मला हिशेबाची सवय लावली होती. बक्षिसाची रक्कम किती, तिकिटाचं काय, हॉटेलची खोली कुठली, सगळं मोजून दाखवलं होतं. गौरवची गंमतच अशी, की त्याच्याकडे चेहरा सोडला तर काही नाही. एकदा तो चेहरा कुठेही घेऊन जाऊ शकतो म्हटलं, की तो गरीब पोरगा संपतो आणि कुठल्याही पाठलागपटातला खलनायक उरतो. मला वाईट वाटायचं थांबलं ते तिथे. दुसऱ्यांदा बघताना तर मी कौलांवरच्या पळापळीत उठून कुकर लावून आलो.

'ड्रायव्हिंग लायसन्स'मध्ये उलट आहे. अख्खा चित्रपट एका कागदापायी अडतो. गाड्यांच्या वेडासाठी आणि सुसाट चालवण्यासाठी प्रसिद्ध असलेला सुपरस्टार हरिंद्रन, आणि त्याचा परवाना हरवलाय. शूटिंगसाठी तो लागणार, निर्माता हवालदिल. परवाना द्यायचा अधिकार ज्या कुरुविलाकडे, तो या नटाचा जुना भक्त. काम करून देतो म्हणतो, फक्त स्वतः या, फोटो काढू. ठरल्या वेळी नट येतो आणि दारात वार्ताहरांचे कॅमेरे. हे यानंच केलं असं समजून नट त्याला फाडफाड बोलतो, मुलाच्या देखत. बापाचा मुलाच्या देखत अपमान. त्यानंतर कुरुविला हातात पिस्तूल घेत नाही, नियमाचं पुस्तक घेतो. आधी शिकाऊ परवान्याची परीक्षा द्या, मग चाचणी, इतर सगळे देतात तशी.

मला हे खरं वाटलं, कारण मी तिथे उभा राहिलोय. माझ्या परवान्याची मुदत संपून गेली होती, माझ्याच आळसानं. एजंट म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त सहीला या." साहेब मात्र कडक निघाले. चाळिशीतल्या मला अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत उभं करून स्कूटरवर आठचा आकडा काढायला लावला. पहिल्या वेळी पाय टेकला, नापास. मागची मुलगी 'अंकल, हँडल सैल सोडा' म्हणाली. त्या दिवशी मला कळलं, की या देशात कुणाला जमिनीवर आणायचं असेल तर रक्त सांडावं लागत नाही, फॉर्म पुरतो. गौरवच्या सूडापेक्षा कुरुविलाच्या शिक्क्याची मला जास्त भीती वाटते, ती त्यामुळे.

लेखक सच्ची. २०२०च्या जूनमध्ये तो गेला, त्याआधी 'अय्यप्पनुम कोशियुम' करून. मुळात वकील होता, आणि ते दिसतं: दोन माणसं, दोघांची बाजू रास्त, दोघांचा अहंकार सारख्याच उंचीचा. दिग्दर्शक लाल ज्युनिअर मध्येमध्ये हसवायला जातो. त्यातला काही विनोद आपल्यापर्यंत पोचत नाही, काही पोचतो आणि तरी हसू येत नाही. तेवढी मिनिटं सोसावी लागतात. पण कुरुविला झालेला सुरज वेंजारमूडू बघाच. मूळचा नकलाकार, विनोदी भूमिकांतून पुढे आला, 'पेररियादवर'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. 'द ग्रेट इंडियन किचन'मधला नवरा म्हणून तुम्ही त्याला शिव्या दिल्या असतील. फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालेल्या माणसाचा चेहरा अपमानानंतर कसा विझतो, ते तो काहीही न करता करतो.

नट झालेला पृथ्वीराज आपल्याला परका नाही. सचिन कुंडलकरच्या 'अय्या'त राणी मुखर्जीची मीनाक्षी देशपांडे ज्याच्या वासानं वेडी होऊन मागेमागे फिरते, तोच हा. पाठलाग करून घ्यायचा त्याला अनुभव आहे म्हणायचा.

एका बाबतीत 'फॅन' वरचढ आहे, हे कबूल करायला हवं. तो शेवटपर्यंत कडू राहतो. आर्यन खन्ना चांगला माणूस नाही. माझा वेळ मी तुला का द्यावा, हा त्याचा प्रश्न क्रूर आहे आणि बरोबरही आहे, आणि शाहरुखनं तो स्वतःच्या तोंडी घेतला याला छाती लागते. 'डर' आणि 'बाजीगर'मधून आपण ज्या वेड्याच्या प्रेमात पडलो, तोच वेडा त्यानं इथे स्वतःच्या दारात आणून उभा केला. शेवटी वाट पुन्हा गौरवच्या गल्लीकडे वळते आणि पहिल्या तासाची धग काही अंशी परत येते. 'लायसन्स'चा शेवट त्या मानानं गोड आहे, समेटाचा. पण त्याआधी हरिंद्रनच्या चाहत्यांची झुंड कुरुविलाच्या घरावर चालून येते, तेव्हा चाहता कोण आणि शिकार कोण याची अशी अदलाबदल होते की 'फॅन'लाही ती सुचली नाही. कालपर्यंत तो याच झुंडीतला एक होता.

कुणी काय बघावं? शाहरुखवर जीव असेल, रात्री एकटे असाल, तर 'फॅन' लावा. माझं व्हिसापुराण विसरा. घरात उपशीर्षकं वाचायचा कंटाळा करणारं कुणी असेल तर 'लायसन्स' जड जाईल, हे खरं. त्याची २०२३ची हिंदी आवृत्ती 'सेल्फी' आहे, अक्षयकुमार आणि इम्रान हाश्मीची, भोपाळमध्ये घडणारी. इम्रान बरा आहे. पण चित्रपटाचं लक्ष सारखं मोठ्या गाडीकडे जातं, आणि ही गोष्ट मुळात रांगेतल्या माणसाची आहे. उपशीर्षकं वाचलेली परवडतील. चार वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र बसणार असतील तर मी तरी मल्याळमच लावेन. माझं चुकतही असेल. आमच्यातल्या एकीचं ठाम मत आहे की मला सिनेमा कळत नाही, कागदपत्रं कळतात.

मी 'ड्रायव्हिंग लायसन्स' लावला. संपल्यावर सिनेमावर कुणी चकार शब्द बोललं नाही. साडेअकरापर्यंत प्रत्येकजण स्वतःच्या परवान्याची गोष्ट सांगत होता. समोरच्या काकांनी तर १९७८ सालच्या निरीक्षकाची नक्कल उभं राहून करून दाखवली, चपला हातात घेऊन. पांगताना त्याच ठाम मतवाल्या बाई म्हणाल्या, "पण तो दिल्लीचा पोरगा मला बघायचाय, किती भाबडा आहे म्हणतोस." तेव्हा पुढच्या महिन्यात 'फॅन' ठरलाय, अर्धाच. गौरव चित्रं जाळतो तिथे मी टीव्ही बंद करून चहा टाकणार आहे. लंडन ज्यांना बघायचंय त्यांनी आपापल्या घरी जाऊन बघावं.