प्रीप्रिंट की थेट जर्नल?

केगावच्या विद्यापीठात पीएचडी करणारी भाची परवा विचारत होती, "मामा, पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून टाकू की थेट जर्नलला पाठवू?" प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच नेटवर खुला केलेला लेख; जर्नल तो तज्ज्ञांकडून तपासून घेऊन मग छापतं. मी म्हटलं, आधी विषय सांग.

क्वांटम भौतिकी असेल तर बिनधास्त प्रीप्रिंट. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेलं आर्काइव्ह (arXiv) हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ त्या लोकांचं रोजचं वाचन आहे. पहिल्यांदा जुन्या लेखकाची शिफारस लागू शकते, पण पैसा लागत नाही आणि काही दिवसांत लेख जगासमोर येतो. जर्नलमध्ये तोच लेख यायला कित्येक महिने जातात.

जीववैद्यकात मात्र मी थांबायला सांगेन. वैद्यकीय प्रीप्रिंटचं संकेतस्थळ मेडआर्काइव्ह (medRxiv) स्वतःच बजावतं की इथल्या लेखांवरून उपचार ठरवू नका. सिव्हिलच्या वॉर्डात डोस ठरताना आकडे कुणीतरी तपासलेले हवेतच. अर्थात जर्नलचं परीक्षण म्हणजे हमी नव्हे. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने मे २०२० मध्ये छापलेला, कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापरावरचा लेख पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला, कारण मूळ माहितीच पडताळता येईना. तरी चूक पकडायला चार डोळे जास्त असलेले बरे.

वित्तशास्त्रात एसएसआरएन (SSRN) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर मसुदा टाकून सूचना घ्यायची जुनी रीत आहे. शिक्षणशास्त्रात जर्नलच बरं. फक्त विद्यार्थ्यांची नावं-शाळा कुठेही ओळखू येता कामा नयेत.

आणि हो, "पैसे भरा, आठवड्यात छापतो" अशी एखाद्या जर्नलची मेल आली तर उत्तरही देऊ नकोस. त्यापेक्षा प्रीप्रिंट शंभरपट चांगलं.