विज्ञान प्रदर्शनासाठी काय घ्यावं: शिनाण्याची शिंपली की खेकड्याचं कवच?

सागरी प्राण्यांची कवचं हा विषय प्रदर्शनासाठी ठरवलात, तर कोल्हापुरात समुद्र नसल्याचं फारसं अडत नाही. रत्नागिरी-मालवणची मासळी इथल्या बाजारात येतेच. अडतं ते नमुना निवडताना. पंचगंगेतले शिंपले जवळचे खरे, पण ते गोड्या पाण्यातले, त्यामुळे या विषयात बसत नाहीत.

शिनाणं म्हणजे खडकांना चिकटून राहणारा दोन शिंपल्यांचा सागरी प्राणी, इंग्रजीत मसल. त्याच्या शिंपलीची आतली चकाकी म्हणजे मोत्याचा थर. त्यात सुमारे ९५ टक्के अ‍ॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप. उरलेला भाग मुख्यतः प्रथिनं आणि कायटिन (कीटकांच्या कवचातही असतो तो चिवट, तंतुमय पदार्थ). जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या चकत्या विटांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात. तडा गेलाच तर त्याला चकत्यांना वळसे घालत जावं लागतं आणि त्यातच त्याचा जोर संपतो. म्हणून हा थर नुसत्या खनिजापेक्षा कितीतरी चिवट. कालवाची शिंपली मात्र घेऊ नका. तिच्यात मोत्याचा थर नसतो, कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या रूपाचे पापुद्रे असतात.

खेकड्याचं तंत्र वेगळं. कवचाचा पाया कायटिन-प्रथिनांच्या तंतूंचा. तंतूंचा प्रत्येक थर खालच्या थराशी थोडा कोन करून बसतो आणि थर असे फिरत फिरत वर जातात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरलं की कवच कडक होतं. नांग्यांची टोकं तर पाठीपेक्षाही टणक. पण हे कवच प्राण्याबरोबर वाढत नाही. खेकडा कात टाकतो आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत मऊ, असुरक्षित राहतो. शिंपली मात्र कडेने वाढत जाते.

दोन्हींचे तुकडे व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे दोन्हीकडे येतील. दर थोड्या वेळाने व्हिनेगर बदलत राहिलात, तर शिंपली झिजत जाते आणि हाती फारसं काही उरत नाही. खेकड्याचा तुकडा आकार तसाच ठेवून बोटांनी वाकवता येईल इतका मऊ पडतो. खनिज गेलं, तंतू उरले, हे सातवीतल्या मुलालाही दिसतं.

नुसती ताकद मोजायची असेल तर शिनाणं बरं. खेकड्याचं कवच ओलं असताना चिवट आणि वाळल्यावर ठिसूळ असतं, त्यामुळे आकडे जुळवताना दमछाक होते. पण एकच नमुना घ्यायचा तर मी खेकडाच घेईन, कारण त्यात घडण आणि ताकद यांचा संबंध डोळ्यांसमोर उलगडतो.

कवच कच्च्या खेकड्याचंच हवं. रश्श्यात शिजलेल्याची प्रथिनं बदललेली असतात. साफ करताना ब्लीचही नको, त्यानेही प्रथिनं जातात. जुना टूथब्रश आणि साधं पाणी पुरे.