खानदेशच्या इतिहासावर काम करायचंय: आधी लायब्ररी, धुळे की थेट मुंबई?

पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं, विषय खानदेशातलाच घेतला आणि गाइड म्हणाले "आता साधनं बघा". कुठं बघायची ते कोणी सांगत नाही. मग आपली पोरं दोन टोकं गाठतात, एक तर उमविच्या (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) रीडिंग हॉलमधे बसून पाच पुस्तकांतून सहावं तयार करतात, नाहीतर पहिल्याच महिन्यात पुण्याला पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे मूळ कागद, गाठतात आणि मोडी वाचता येत नाही म्हणून बॅग उचलून परत जळगावला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात विद्यापीठाच्या लायब्ररीतच करा, पण साधनं मिळतील म्हणून नाही, साधनांचे पत्ते मिळतील म्हणून.

म्हणजे कसं, तर रेफरन्स सेक्शनला बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा बारावा खंड मागा, खानदेशचा, १८८० चा. सगळे त्यातला मोठा टाइप वाचतात आणि "गॅझेटियरनुसार" लिहून मोकळे होतात. तुम्ही पानाच्या तळाशी जा. तिथं बारीक अक्षरात 'बॉम. गव्ह. सिल.' आणि पुढे एक नंबर असं दिसेल, ते म्हणजे सरकारने छापलेले 'सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्न्मेंट'. त्यातल्या २६ नंबरात कॅप्टन ग्रॅहमने खानदेशातल्या भिल्लांवर लिहिलेला रिपोर्ट आहे, तालुक्यांचे सर्व्हे सेटलमेंटचे, म्हणजे जमीन मोजून शेतसारा ठरवल्याचे, रिपोर्टसुद्धा याच मालिकेत. भिल्ल, कापूस, शेतसारा, विषय कुठलाही असो, एका दुपारी अशा तळटिपा वहीत उतरवल्या की पुढच्या कित्येक महिन्यांचं काम हातात येतं.

कॅटलॉगमधे मात्र नुसतं 'खानदेश' टाकून थांबू नका. कंपनीच्या काळातले साहेब कँडेश लिहायचे, धुळ्याचं धुलिया, ढूलिया असं काहीही, त्यामुळे रोमन लिपीत सगळी स्पेलिंगं टाकून बघायची. जिल्ह्यांचं तर वेगळंच त्रांगडं. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि मुख्य ठिकाण धुळे, त्यानंतर पूर्व आणि पश्चिम झाले, १९६० नंतर त्यांचे जळगाव-धुळे झाले, नंदुरबार तर १९९८ चं. मालेगाव, बागलाण १८६९ मधे नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. म्हणून १८९० च्या चोपड्याचे कागद 'जळगाव' नावाखाली शोधत बसाल तर बसूनच राहाल.

आता धुळे. इथलं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटी धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं, त्यांचा संग्रह तिथं आहे, शिवाय मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकाचे जुने अंक. लायब्ररीशी तुलना केली तर फरक सरळ आहे, लायब्ररीत दुसऱ्याने वाचलेलं वाचता, इथं मूळ कागद समोर येतो. पण कागद मोडीत असतो. मोडी येत नसेल तर धुळ्याला जाऊन इमारत बघून याल, बाकी काही नाही. विषय पेशवाईतला, वतनाचा, देशमुख-पाटलांचा असेल तर आधी मोडीचा क्लास लावा. (कुणबी नोंदींच्या शोधापासून मोडी वाचणाऱ्यांना जी मागणी आलीय ती बघता हा खर्च वाया जात नाही.) संतवाङ्मय, रामदासी परंपरा असा विषय असेल तर त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, हस्तलिखितांची बाडं तिथं. जळगावहून धुळ्याची एसटी सकाळी धरली तर संध्याकाळी घरी, हा फायदा मुंबई-पुण्याला नाही.

मुंबई कोणासाठी? ज्यांचा विषय १८१८ नंतरचा, म्हणजे इंग्रजी अमलातला आहे त्यांच्यासाठी. तिथल्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, महसूल, न्याय अशा खात्यांप्रमाणे व्हॉल्यूम लागतात, बरेचसे इंग्रजीत, म्हणजे मोडीची अडचण कमी पण हाताने लिहिलेलं इंग्रजी वाचायची सवय लागते, सुरुवातीला एकेक पान जीव काढतं. भिल्ल कोअर म्हणजे इंग्रजांनी उभी केलेली भिल्लांची पलटण, १८२५ ची, १८५७-५८ च्या उठावातला भिल्ल नायक खाज्या नाईक, यांचा सरकारी पत्रव्यवहार अशाच दप्तरांत शोधायचा. गाइडच्या सहीचं विद्यापीठाचं पत्र बरोबर ठेवा. आणि तळटिपांची वही नसेल तर मुंबईला जाऊच नका, राहायचा खर्च आपला असतो आणि तिथं "खानदेशचं काय आहे ते दाखवा" म्हणून चालत नाही, खातं, वर्ष, व्हॉल्यूम सांगावा लागतो. पुण्याचं पेशवे दप्तर मी शेवटी ठेवीन, कारण तिथे मोडी आणि नेमका प्रश्न दोन्ही लागतं. तोवर इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड बघा, ते छापील आहेत आणि मोठ्या लायब्ररीत मिळतात.

मोबाईलवरच काम भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. अर्धं भागतं. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर गॅझेटियर आणि बरीच जुनी छापील पुस्तकं फुकट आहेत, शोधगंगावर प्रबंध आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे. शोधगंगाचा खरा उपयोग म्हणजे आपला विषय आधी कोणी करून ठेवलाय का ते कळतं, आणि त्या प्रबंधाची शेवटची पानं, संदर्भसूची, ती डाउनलोड करून ठेवायची. पण जुन्या मराठी छपाईवर सर्च धड चालत नाही आणि हस्तलिखित मोडी तर सर्चमधे येतच नाही. सर्चमधे आलं नाही म्हणजे कागदच नाही, असं समजणारे प्रबंध मी वाचलेत, नावं घेत नाही.

एक ठिकाण सगळे विसरतात, तहसील आणि कलेक्टर ऑफिसचा रेकॉर्ड रूम. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी जमिनीची पत्रकं, हे ना विद्यापीठात मिळतं ना मुंबईत. एकाच गावावर किंवा एका जातीवर काम असेल तर लायब्ररीनंतर माझी दुसरी पसंती हीच, धुळ्याच्याही आधी. परवानगीला वेळ लागतो, अर्ज टेबलावर पडून राहतो, म्हणून लायब्ररीचं काम चालू असतानाच अर्ज टाकून पोच घेऊन ठेवा. फोटो काढायची परवानगी अर्जातच मागा, नंतर तोंडी विचारलं की "साहेब आल्यावर बघू" असं होतं.

आणि विषय १९३६ च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासारखा अलीकडचा असेल तर हा सगळा क्रम उलटा करा. आधी त्या वेळची वर्तमानपत्रं आणि गावातली म्हातारी माणसं, लायब्ररी नंतर. पुस्तकं काय, कपाटात आहेतच.