राजधानी कुठे, रोमला की बॉस्फरसकाठी?

रोमचा तोरा मोठा, पण तिसऱ्या शतकापासून सम्राटांचा मुक्काम बहुधा बाहेरच. लढाया डॅन्यूब नदीवर आणि इराणच्या सरहद्दीवर; रोमच्या टायबर नदीकाठी बसून करणार काय? इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरस सामुद्रधुनीकाठच्या बायझँटियम शहराला राजधानीचा मान दिला, तेच कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. दोन्ही सरहद्दी आवाक्यात, तिन्ही बाजूंना पाणी, काळ्या समुद्राचा व्यापार दाराशी. शहरालगतच्या गोल्डन हॉर्न खाडीच्या तोंडावर साखळी ओढली की शत्रूची जहाजं बाहेर. अडचण गोड्या पाण्याची. ते जलवाहिन्यांनी लांबून आणावं लागे.

वारशात रोम उजवं, असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. रोमचा वारसा घरचा, पण कॉन्स्टँटिनोपलने जमवलेला जास्त उपयोगी पडला: कायदा रोमचा, भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती. ग्रीसमधल्या डेल्फीतला तीन सापांच्या वेटोळ्यांचा कांस्यस्तंभ तर सरळ उचलून रथशर्यतींच्या मैदानात उभा केला. सापांची डोकी गेली, स्तंभ इस्तंबूलमध्ये आजही आहे. उसनवारी म्हणा हवं तर.

४७६ मध्ये रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागाच्या सम्राटाला हटवलं, तेव्हा त्याची राजधानी रोम नव्हतीच, इटलीतलीच राव्हेना होती. कॉन्स्टँटिनोपल १४५३ पर्यंत तगलं. मधे १२०४ मध्ये ते लुटलं गेलं, तेही धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती क्रुसेडरांकडून, आणि ते आत शिरले गोल्डन हॉर्नच्याच बाजूने.