रेडिएटरवरचे शांत पंखे : नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ वापरल्यानंतर

वेंगुर्ल्यातले आमचे घर जांभ्या दगडाचे आणि कौलारू आहे. रात्री दहानंतर रस्त्यावरची वर्दळ थांबली, की समुद्राची गाज आणि माडाच्या झावळ्यांची सळसळ एवढेच ऐकू येते, त्यामुळे संगणकाचा पंखा इथे शहरातल्यापेक्षा जास्त जाणवतो. मी दशावतारी नाटकांची आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यांची ध्वनिमुद्रणे संकलित करतो. गेल्या वर्षी शेजारचे आजोबा माझ्याच खोलीत बसून गाऱ्हाणे म्हणाले. त्यांचे वाक्य संपणे आणि मागून ‘व्हय म्हाराजा’ येणे यांमध्ये क्षणभराची शांतता असते. हेडफोन लावून ऐकले तेव्हा त्या प्रत्येक शांततेत एक सलग घरघर भरलेली होती, आणि ती काढायला गेल्यावर आजोबांच्या आवाजातला खर्जही पुसट होऊ लागला. संकलनाच्या सोयीने ते ऐकणे मला मान्य नव्हते, म्हणून प्रोसेसर पाण्याने थंड करणाऱ्या कूलरच्या रेडिएटरचे दोन्ही पंखे बदलायचे ठरवले.

घरघर पंख्याची की पाणी फिरवणाऱ्या पंपाची, हे आधी ओळखावे. पंखे हाताने नव्हे, तर बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधून, काही सेकंद बंद करावेत. उरलेला बारीक, एकसुरी आवाज पंपाचा असतो आणि नवे पंखे आणून तो जात नाही. माझ्याकडे दोष पंख्यांचाच होता. कूलरबरोबर आलेले ते पंखे वेगात असताना थंडावा चांगला देत, पण मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास त्यांच्या बेअरिंगचा आवाज स्पष्ट ऐकू येई.

दुकानात पंखा घेताना लोक खोक्यावरचा डेसिबलचा आकडा पाहतात. रेडिएटरसाठी तो अपुरा आहे, कारण तो बहुधा मोकळ्या हवेत फिरणाऱ्या पंख्याचा असतो, तर इथे पंख्याला हवा रेडिएटरच्या दाट पात्यांच्या जाळीतून ढकलायची असते. त्यासाठी दाब, म्हणजे स्टॅटिक प्रेशर लागते. नॉक्टुआचा हा १२० मिलिमीटरचा पंखा २०१८ साली आला. २००० फेऱ्यांना त्याचा दाब पाण्याच्या २.३४ मिलिमीटर स्तंभाइतका आणि आवाज २२.६ डेसिबल, असे कंपनी सांगते. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण दाब चौथाईवर येतो. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून कमाल वेगाचे आकडे बाजूला ठेवून हजार फेऱ्यांना पंखा कसा वागतो, हे पाहिले पाहिजे, आणि तिथे हा पंखा खरोखर उजवा आहे. पाते आणि चौकट यांमध्ये केवळ अर्धा मिलिमीटर फट ठेवल्यामुळे कडेने हवा मागे फिरत नाही, आणि इतक्या थोड्या फटीत पाते ताणून घासू नये म्हणून ते खास कडक पॉलिमरचे केले आहे. कडेला बसवायची रबराची पट्टी सोबत मिळते; ती लावल्यावर पंखा आणि रेडिएटर यांमधून निसटणारी हवा आणि चौकटीची थरथर, दोन्ही थांबली. बदामी-तपकिरी रंग अनेकांना आवडत नाही. माझे कॅबिनेट टेबलाखाली असते.

निम्मे यश मात्र पंख्याचे नसून त्याच्या वेगाच्या आखणीचे आहे. प्रोसेसरचे तापमान सेकंदात दहा-पंधरा अंश उसळते, आणि पंखे त्याला बांधलेले असले की फाइल उघडताच हुंकारतात. पाणी मात्र सावकाश तापते. ज्यांच्या कूलरला पाण्याचे तापमान कळते त्यांनी पंखे त्यालाच जोडावेत. नसेल तर बायोसमध्ये वेग वाढण्याला काही सेकंदांचा विलंब द्यावा. कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. वैशाखात खोलीच तेहतीस-चौतीस अंशांवर असते, त्यामुळे थंड प्रदेशातल्या कुणी दिलेली आखणी जशीच्या तशी घेतली, तर पंखे दिवसभर वरच्या वेगातच राहतात. मी पाणी बेचाळीस अंशांवर जाईपर्यंत ८०० फेरे ठेवले आहेत. त्या वेगाला आजोबांना पुन्हा बसवले, तेव्हा दोन वाक्यांच्या मध्ये खिडकीतून येणारी गाज मुद्रित झाली, आणि ती मी काढली नाही.

किंमत हीच या पंख्याची मोठी अडचण आहे. आर्क्टिकचा पी१२ त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो, १८०० फेऱ्यांना २.२ मिलिमीटर दाब देतो, म्हणजे कागदावर तो फारसा मागे नाही. ज्याला मायक्रोफोन जवळ ठेवायचा नाही, त्याने तोच घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत २४० ऐवजी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर पाहावा. जागा दीडपट झाली की तेवढीच उष्णता कमी फेऱ्यांत निघते.

किनाऱ्यावर कोणताही पंखा घेतला तरी स्वच्छता टळत नाही. खारी हवा आणि धूळ मिळून रेडिएटरच्या पात्यांवर दमट थर बसतो, तो पावसाळ्यात घट्ट होतो, आणि हवा कोंडली की शांत पंखाही वेग घेतो. मी दर महिन्याला मऊ ब्रशने तो काढतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने पंखा भरमसाट वेगात फिरला, तर बेअरिंगवर ताण येतो.