फेटेड मेट्सवाल्या वेअरवुल्फ कादंबऱ्या : बरेच महिने वाचल्यानंतरचा अनुभव

फेटेड मेट्स, म्हणजे नशिबानं आधीच ठरलेली जोडी, असलेल्या या वेअरवुल्फ प्रेमकथांबद्दल एक-दोन वाचून मत बनवू नये. सुरुवातीला सगळ्या सारख्याच वाटतात. तीच पौर्णिमा, तेच जंगल, तोच धिप्पाड म्होरक्या अल्फा आणि वासावरून पटलेली तीच ओळख. फरक कळायला वेळ लागतो. गेल्या पावसाळ्यापासून मी किंडलवर बहुतेक हेच वाचतेय आणि आता माझी कसोटी ठरलेली आहे. जोडी वरून ठरल्यावरसुद्धा नायिकेला 'थांब' म्हणता येतं का? आणि तिनं म्हटल्यावर समोरचा थांबतो का? ज्या पुस्तकात थांबतो, ते मी शेवटपर्यंत वाचते.

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाचा लांडगा आणि लांडग्याचा माणूस होऊ शकणारी ही मंडळी, म्हणजे वेअरवुल्फ किंवा शिफ्टर, पॅक म्हणजे कळप करून राहतात. पॅकचा म्होरक्या अल्फा, त्याचा उजवा हात बीटा, अल्फाची जोडीदारीण लूना. प्रत्येकाचा जोडीदार चंद्रदेवीनं आधीच नेमलेला असतो. तो समोर आला की वास ओळखीचा वाटतो आणि आतला लांडगा 'माझी' किंवा 'माझा' म्हणून उठतो. पुढे मानेवर दातांची खूण करायची, की बंध पक्का. देवी, खूण, वय यांचे नियम पुस्तकागणिक थोडे बदलतात.

साताऱ्यात वाढलेल्या बाईला यातलं काहीच फार परकं वाटत नाही. लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात हे आपण कळायला लागल्यापासून ऐकतो. ३६ गुणांपैकी १८ तरी जुळायला हवेत, आणि एकनाड निघाली तर नाडीचे ८ च्या ८ गुण जातात. माझ्या मावसबहिणीचं जमत आलेलं स्थळ नाडीवरून मोडलं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोघं एकमेकांना पसंत होती, मुलाकडच्यांनी साडीसुद्धा बघून ठेवली होती. गुरुजींनी पत्रिका मांडली आणि दोन दिवसांनी 'योग नाही' असा निरोप आला. तिला कुणी काही विचारलंच नाही. फेटेड मेट्सच्या कथेत नशीब असं तिसऱ्याच्या तोंडून बोलत नाही, ते त्या दोघांच्याच अंगात बोलतं. घरचे, पॅकमधले ज्येष्ठ, शेजारचा शत्रू पॅक, सगळे आडवे आले तरी ते खोटं ठरत नाही. या कथा वाचताना बायकांना जो आधार वाटतो, तो माझ्या मते इथून येतो. तुझ्या शरीराला जे कळलंय ते खरं आहे, असं कुणीतरी ठामपणे सांगतंय.

पण नाकारता न येणारा बंध म्हणजे जबरदस्तीचं लग्नच. चांगल्या लेखिकांना हे पुरतं ठाऊक असतं आणि त्या तिथेच कथा उभी करतात. मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेल्या कादंबरीत नायिका अर्धी माणूस आहे, जनावरांच्या दवाखान्यात काम करते. नायकाला तिचा वास दारातच ओळखू येतो. तिला मात्र काहीच जाणवत नाही, कारण तिचं नाक माणसाचं आहे. तो सगळं सांगतो. ती ऐकून घेते, हातातल्या कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधून संपवते आणि म्हणते की तुला कळलं असेल, मला अजून कळलेलं नाही. पुढचं जवळजवळ निम्मं पुस्तक तो अल्फा साध्या माणसासारखा तिच्या मागे-पुढे राहतो. विचारतो, नाही म्हटलं की परत जातो, थंडीत तिच्या दवाखान्याची लाकडं फोडून देतो. एकदा तिच्यावर डाफरतो तेव्हा ती त्याला बाहेर काढते, आणि तो खरोखर बाहेर जातो. शेवटी खूण करून घ्यायची वेळ येते तेव्हा मान पुढे करणारी ती असते. नशिबानं फक्त ओळख करून दिली, बाकी सगळं त्याला कमवावं लागलं. हे मला फार म्हणजे फार आवडलं.

'रिजेक्टेड मेट' हा उपप्रकार सगळ्यात जास्त खपत असावा, निदान मला तरी सतत तोच सुचवला जातो. अल्फा भर पॅकसमोर पूर्ण नाव घेऊन नायिकेला नाकारतो, कारण ती दुबळी आहे, गरीब आहे, किंवा तिचा लांडगा अजून जागाच झालेला नाही. नाकारलं की बंध तुटतो आणि छातीत खरोखरची कळ येते. हे प्रसंग अंगावर येतात. चारचौघांत नकार झेलण्याची भीती कुणाला नसते? पुढचं मात्र बरेचदा फसतं. ती निघून जाते, कर्तबगार होते, आणि हा परत आला की दोन प्रकरणांत सगळं माफ. मला हे पटत नाही. भर सभेत केलेला अपमान बंद खोलीत माफी मागून भरून निघत नाही. काही कादंबऱ्यांत चंद्रदेवी तिला दुसरी संधी म्हणून वेगळाच जोडीदार देते. मला त्या जास्त न्याय्य वाटतात.

लांडग्यांबद्दलही बोलायला हवं, कारण माझं माहेर साताऱ्याच्याच माण तालुक्यातलं. आमच्याकडे लांडगा ही ऐकीव गोष्ट नाही. मेंढ्या रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडतात, कुत्री राखणीला असतात, आणि पहाटे कुणाचं तरी कोकरू गेलेलं असतं. तरीही लांडग्याचा मनापासून तिरस्कार करणारा मेंढपाळ मी फारसा पाहिला नाही. 'त्याचा वाटा गेला' असं म्हणणारे आजोबा मी ऐकलेत. हा लांडगा पुस्तकातल्यासारखा काळाभोर, घोड्याएवढा नसतो. किडकिडीत, मातकट रंगाचा, गवतात उभा राहिला तर दिसणार नाही असा. देशभरात ३,००० च्या आसपास उरलेत आणि वन्यजीव कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे.

अल्फाचं प्रकरण तर मुळातच डळमळीत. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला, त्यावरून मारामारी करून वर चढणाऱ्या म्होरक्याचं चित्र पसरलं. रानातल्या लांडग्यांवर हयात घालवलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं सत्ता जिंकत नाही कुणी, आई-बाप म्हणून ती आपोआप येते. नर-मादी बरीच वर्षं एकत्र राहतात, नर शिकार आणून पिलांना भरवतो. हे कळल्यापासून मला गुरगुरणारे, हुकूम सोडणारे अल्फा आणखीनच खोटे वाटायला लागले. खऱ्या लांडग्याचं घर यांच्यापेक्षा कितीतरी प्रेमळ असतं, आणि लेखिकांना तिथून पुष्कळ घेता येईल.

पैशांचं सांगते. प्रकरणागणिक नाणी मोजून उघडणाऱ्या अॅपांच्या नादी लागू नका. पहिली प्रकरणं फुकट, मग ऐन मोक्याला कुलूप. तिथे कथा मुद्दाम ताणलेली असते. एकच गैरसमज दहा-दहा प्रकरणं चालतो आणि एकूण खर्च चार-पाच पुस्तकांएवढा होतो. पूर्ण झालेली, एका खंडात संपणारी कादंबरी घ्या. सुरुवातीच्या पानावर आशयाची सूचना असते ती वाचा. पळवून नेणं, जबरदस्ती, हिंसा यांचा उल्लेख असेल आणि तुम्हाला ते झेपत नसेल तर सरळ सोडून द्या. शृंगार बहुतेकांत उघड असतो, त्यामुळे शाळकरी मुलींच्या हातात देऊ नये.

मी सध्या चाळिशी ओलांडलेली नायिका शोधतेय. घटस्फोटित किंवा विधवा, मुलं मोठी झालेली, आणि आता या वयात कुणाचा तरी वास ओळखीचा वाटलेली. अशा कादंबऱ्या आहेत, पण चांगल्या लिहिलेल्या फार थोड्या सापडल्या. तुम्ही वाचली असेल तर नाव नक्की सांगा.